मृगाचं वावर : एका एकांकिकेतल्या सैनिकाचं प्रकरण

आमचं गाव वणीच्या कोळसापट्ट्यात आहे. दुपारी अडीचच्या सुमारास आधी भोंगा वाजतो, मग जमीन हलते. खुल्या खाणीतला सुरुंग. मांडणीवरची भांडी किणकिणतात, पाळण्यातलं लेकरू दचकतं आणि पुन्हा झोपतं. गावाला त्याची सवय झाली आहे.

गेल्या वर्षी जुलैच्या एका शनिवारी गावच्या वाचनालयात आम्ही एका एकांकिकेचं पहिलं वाचन करत होतो. लिहिणारी मुलगी अकरावीत, मी शिकवतो त्याच वर्गातली. ती वाचत होती : "सैनिक डोळे मिटतो. त्याला बर्फात फुललेली बाग दिसते. कारंजी. पांढरे पक्षी." तेवढ्यात भोंगा झाला आणि पाठोपाठ सुरुंग. मागच्या बाकावरचे फौजीकाका उठून बाहेर गेले. दहा मिनिटांनी तोंड धुऊन परत आले आणि तिला म्हणाले, "असं नसते व पोरी. तिथं फुलंबिलं नाही दिसत कोनाले."

पुढचे सहा आठवडे त्या एका वाक्यावर गेले. युद्धानं पोळलेलं एखादं पात्र मनात दुसरं जग उभं करतं, तेव्हा ते जग कशाचं बनलेलं असतं, त्यानं त्या पात्राचं काय भागतं आणि कुठे भागत नाही, हे आम्हाला नाटक रचताना हातानं चाचपत शोधावं लागलं. काकांच्या संमतीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून ते इथे नोंदवतो आहे.

पहिला खर्डा कुठे फसला

नाटक अर्ध्या तासाचं, तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाच्या, संध्याकाळी शाळेच्या पटांगणात करायचं. गोष्ट साधी होती. कारगिलहून परतलेला सैनिक घरात गप्प बसून राहतो, बायको त्याला हाका मारते, तो मनातल्या बागेत रमलेला असतो, शेवटी तिच्या प्रेमानं तो जागा होतो. मुलीची भाषा चांगली होती. तरी ऐकताना कुणाच्याच अंगावर काटा आला नाही, आणि त्याचं कारण मला काकांच्या बोलण्यानंतर कळलं. ती बाग कुणाचीही असू शकली असती. या माणसाला ती का दिसावी, याचं उत्तर खर्ड्यात कुठेच नव्हतं. दुःखाच्या उलट सुख, म्हणून बाग. बर्फाच्या उलट फुलं. लिहिणाऱ्याला हे पटकन सुचतं, पण पात्राच्या डोक्यात शिरायला त्याला वाट नसते.

मी काकांना विचारलं, मग काय दिसतं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग टेबलावर बोटानं आडव्या रेघा ओढत म्हणाले, "मले वावर दिसे. मी मनातल्या मनात वखर हाकत होतो. एक तास झालं का धुऱ्यावर वळाचं, मंग दुसरं तास. गोळा पडला का तास मोडे. मंग पुन्हा पहिल्यापासून." वावर म्हणजे शेत, वखर हे मशागतीचं अवजार, तास म्हणजे त्याची या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक ओळ आणि धुरा म्हणजे बांध.

१९९९ च्या उन्हाळ्यात ते द्रासला तोफखान्यात होते. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला परत हाती आलं. मृग लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. म्हणजे हा माणूस समोरून येणाऱ्या तोफगोळ्यांत उभा होता, तेव्हा त्याच्या घरी पेरणीची घाई होती. मनातलं जग त्यानं हवेतून आणलं नव्हतं. जिथे आपण असायला हवं होतं आणि नव्हतो, तिथलं काम तो करत होता.

मुलगी वहीत भराभरा लिहीत होती. मी तिला थांबवलं. काकांचं वावर उचलून थेट नाटकात टाकलं असतं तर ते त्यांचं चोरल्यासारखं झालं असतं, आणि ते कसं काम करतं हे आम्हाला कळलंही नसतं. म्हणून पुढच्या शनिवारपासून आम्ही आधी दुसऱ्यांची पात्रं बघायचं ठरवलं.

बिलीचा ग्रह

कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही कादंबरी १९६९ ची. ती इंग्रजीत वाचू शकणारी आमच्यात दोघंच, म्हणून मी तीन शनिवार ती मराठीत सांगितली. ऐकायला दहा-बारा जण असायचे, त्यात वाचनालय झाडायला येणाऱ्या आजीही. झाडून झालं की त्या दाराशी पाय पसरून बसत.

बिली पिलग्रिम हा अमेरिकन सैनिक डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांच्या हाती सापडतो. त्याला ड्रेस्डेन शहरात नेऊन कत्तलखान्यात ठेवतात. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्तांची विमानं ते शहर जाळून टाकतात, आणि हे कैदी जमिनीखालच्या मांस साठवायच्या खोलीत असल्यामुळे वाचतात. व्हॉनेगट स्वतः तिथे कैदी होते आणि असेच वाचले होते. युद्धानंतर बिली चष्म्याचा डॉक्टर होतो, लग्न करतो, पैसा कमावतो. आणि सांगू लागतो की मला ट्रालफमाडोर नावाच्या ग्रहावरच्या लोकांनी पळवून नेलं होतं. तिथे त्याला काचेसारख्या घुमटाखाली प्राणिसंग्रहालयात ठेवलेलं असतं. बाहेर विषारी हवा, आत पृथ्वीवरचं फर्निचर, सोबतीला पळवून आणलेली एक नटी. तिथल्या लोकांना सगळा काळ एकाच वेळी दिसतो. मेलेला माणूस त्यांच्या दृष्टीनं फक्त या क्षणी वाईट अवस्थेत असतो, बाकीच्या क्षणांत तो मजेत आहेच.

हे सांगून झाल्यावर एका पोरानं विचारलं, खरंच गेला होता का तो? कादंबरीत याचं सरळ उत्तर नाही, पण खुणा आहेत. १९४८ मध्ये बिली माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात असतो. शेजारच्या खाटेवर दुसरा एक सैनिक, तोही युद्धानं मोडलेला. दोघं मिळून किलगोर ट्राउट नावाच्या एका अप्रसिद्ध लेखकाच्या विज्ञानकथा वाचत राहतात. लेखक स्पष्टच म्हणतो की या दोघांना आपलं आयुष्य आणि आपलं विश्व नव्यानं घडवायचं होतं आणि विज्ञानकथांची त्यात मोठी मदत झाली. पुढे एका दुकानात बिलीच्या हाती ट्राउटचं एक पुस्तक लागतं : एक बाई आणि एक पुरुष, परग्रहवासीयांनी पळवलेले, प्राणिसंग्रहालयात ठेवलेले. आपण हे आधी वाचलं आहे, दवाखान्यात असताना, हे त्याला आठवतं. म्हणजे त्याच्या ग्रहाचं सामान कुठून आलं ते लेखकानं दाखवून ठेवलं आहे.

पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बिली युद्धात कैदी होता, आणि त्याच्या कल्पनेतही तो कैदीच आहे. पळून गेला तोही दुसऱ्या पिंजऱ्यात. फरक एवढाच की तिथले पहारेकरी मारत नाहीत, खायला मिळतं आणि कुणी कशाचा जाब विचारत नाही. जखमेचा आकार तोच ठेवून त्यानं आतली एकच गोष्ट बदलली आहे. काकांच्या वावरातही तेच होतं. तोफा ओळीनं लागतात, तासही ओळीनं पडतात. गोळा पडला की हिशेब मोडतो, तिथे तास मोडतं. मुलीच्या बागेत नेमकं हेच नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी मी घोड्यांचा प्रसंग सांगितला. युद्ध संपून दोन दिवस झालेले असतात. बिली आणि त्याचे सोबती दोन घोड्यांच्या गाडीतून उद्ध्वस्त ड्रेस्डेनमध्ये फिरत असतात. एक जर्मन जोडपं त्याला घोड्यांकडे बघायला लावतं. लगामानं तोंडं रक्ताळलेली, खुरं फुटलेली, तहानेनं जीव गेलेला. बिलीला रडू कोसळतं. अख्ख्या युद्धात तो दुसऱ्या कशावरही रडलेला नसतो.

वाचनालयात शांतता पसरली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणणाऱ्या गावात हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आजी दारातून म्हणाल्या, "मान्सं त साऱ्याइलेच दिसते बाप्पा. जनावर दिसलं म्हनून मोकळा झाला थो."

आणखी एक जागा मला दर वेळी अडवते. बिली काळातून मागेपुढे घसरत असतो, पण ड्रेस्डेन जळाल्यानंतरचा एक क्षण असा आहे की तिथे तो काळातून जात नाही, त्याला तो आठवतो. लग्नाच्या वाढदिवसाला चार जण मिळून गाणं म्हणतात आणि त्याचा चेहरा एकदम विस्कटतो. का, ते त्यालाच कळत नाही. एकटा बसल्यावर उमगतं : तळघरातून वर आल्यावर जळालेलं शहर बघणारे चार पहारेकरी असेच तोंडं उघडी टाकून उभे होते. सगळ्यात खोल जखमेपाशी ग्रह कामाला येत नाही. तिथे माणसाला आठवावंच लागतं.

भोंग्याचा प्रसंग सांगावा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला, आणि काकांना आधी एकट्यात सांगितला. दुपारचे बारा वाजल्याची सूचना देणारा भोंगा होतो आणि बिलीचा जीव उडतो, कारण त्याला केव्हाही तिसरं महायुद्ध सुरू होईल असं वाटत असतं. काका म्हणाले, "सांगा सर. मले एकट्यालेच होते असं वाटत होतं." त्यांना रात्रीची झोप लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. नाटक हा काही त्यावरचा उपचार नव्हे. त्यांच्या मुलाशी बोलून मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिला आणि तपासणीला जायचं ठरेपर्यंत मागे लागलो. अशा अवस्थेला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) हे वेगळं नाव १९८० मध्ये मिळालं. व्हॉनेगटनं बिलीचा तुटक काळ त्याच्या अकरा वर्षं आधी लिहून ठेवला होता.

बिलीची मला काळजी वाटते. त्याच्या ग्रहानं त्याला जगवलं, हे खरं आहे. पण जे झालं ते होणारच होतं, कुणीच काही करू शकत नव्हतं, ही त्या ग्रहाची शिकवण आहे. दोष जातो, पण त्यासोबत हातपायही जातात. त्याचा स्वतःचा मुलगा व्हिएतनामला लढायला जातो आणि बिलीकडे त्याबद्दल म्हणायला काही नसतं.

ओफेलियाचा खडू

ओफेलियाची गोष्ट मी एका बैठकीत उरकली. गिएर्मो देल तोरो यांचा 'पॅन्स लॅबिरिंथ' हा २००६ चा स्पॅनिश चित्रपट हिंसक आहे. शाळकरी मुलांना दाखवण्यासारखा नाही, म्हणून गोष्टच सांगितली. १९४४ चा स्पेन. यादवी संपून पाच वर्षं झालेली, पण डोंगरात बंडखोर अजून लढत आहेत आणि ओफेलिया या लहान मुलीचा सावत्र बाप त्यांना संपवायला नेमलेला क्रूर कॅप्टन आहे. एक फॉन, म्हणजे शिंगं असलेला वनपुरुष, तिला सांगतो की तू पाताळातली राजकन्या आहेस, तीन कामं पार पाड.

इथेही सामान घरातलंच. कोठाराची किल्ली कॅप्टनच्या ताब्यात असते आणि मोलकरीण मर्सिडीस दुसरी किल्ली लपवून बंडखोरांना मदत करते. ओफेलियालाही एक किल्ली मिळवायची असते. मर्सिडीस कमरेला सुरी लपवते, ओफेलियाला खंजीर आणायचा असतो. कॅप्टन मेजवानीच्या टेबलाच्या टोकाला बसतो, आणि तिच्या पाताळातला मुलं खाणारा फिकट राक्षसही भरल्या टेबलाच्या टोकालाच बसलेला असतो. बदललेली गोष्ट मात्र बिलीच्या अगदी उलट आहे. बिलीच्या जगात कुणालाच निवड नाही. ओफेलियाच्या जगात तिला नाही म्हणता येतं. शेवटी फॉन तिच्या तान्ह्या भावाच्या रक्ताचा थेंब मागतो आणि ती देत नाही. कॅप्टन तिला गोळी घालतो. कल्पनेनं तिचा जीव वाचवला नाही. पण कॅप्टनच्या घरात सगळे हुकूम पाळत असताना तिनं नकार दिला, आणि त्या नकाराची तालीम तिनं पाताळात केली होती.

ती भिंतीवर खडूनं दार काढते, हे आमच्या मुलीला फार आवडलं. शाळेत खडूची काय कमी! आमच्या रंगमंचावर कल्पनेचं जग कुठे सुरू होतं हे प्रेक्षकांना कसं दाखवायचं, हा प्रश्न तिनं तिथेच सोडवला. कबड्डीचं मैदान आखतात त्या फक्कीची एक रेघ. ती रेघ म्हणजे धुरा. धुऱ्याच्या अलीकडे घर, पलीकडे वावर.

वावराची जुळणी

दुसरा खर्डा तिनं एका रात्रीत लिहिला, आणि त्यात तिनं स्वतःच्या घरची गोष्ट घातली. त्यांचं नदीकाठचं वावर खाणीत गेलं. मोबदला मिळाला, वावर राहिलं नाही. नाटकातला सैनिक द्रासला जे वावर मनात धरून जगला, तेच वावर तो परतल्यावर काही वर्षांनी खाणीत जातं. आता रोज दुपारी सुरुंग उडतो तो नेमका त्याच्या वावरातून. ज्या जागेनं त्याला गोळ्यांपासून लपवलं, तिथूनच गोळ्याचा आवाज येतो.

हे वाचून मी काही वेळ बोलू शकलो नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं आमची सगळी चर्चा एका ओळीत आणून ठेवली होती.

त्या खर्ड्यात एक प्रसंग मात्र काढावा लागला. व्हॉनेगटच्या कादंबरीत बिली युद्धाचा चित्रपट उलटा बघतो : विमानं आगी शोषून घेतात, बॉम्ब कारखान्यात परत जातात, त्यांतली खनिजं जमिनीत पुरली जातात, पुन्हा कुणाला इजा होऊ नये म्हणून. कोळशाच्या गावातल्या मुलीला हे भुरळ घालणारच. तिनं सुरुंग उलटा उडवला होता, कोळसा परत खाली गेला, वर काळी माती पसरली. सुंदर लिहिलं होतं. पण कल्पना दुसऱ्याची होती, आणि दुसरी अडचण त्याहून मोठी : जग आपोआप उलटं चाललं की सैनिकाला करायला काही उरत नाही, तो बिलीसारखा बघत बसतो. तिनं रुसून ते पान फाडलं आणि जागेवर पेरणी लिहिली. काकांचा वखर तिनं मुद्दाम बदलून तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, केली, जून म्हणजे पेरणीच म्हणून.

बैल कुठून आणायचे? तान्हा पोळा असल्यानं उत्तर गावातच होतं. पोरांचे चाकांवरचे लाकडी बैल. चौथीतल्या एका मुलानं आपली जोडी उसनी दिली, एका अटीवर की तो पहिल्या रांगेत बसणार.

सैनिकाचं काम करणारा पोरगा ट्रॅक्टर चालवतो. त्यानं कधी तिफण धरली नव्हती. रुमणं, म्हणजे तिफणीचा धरायचा दांडा, धरलं की त्याचे हात आपोआप स्टिअरिंगसारखे वळत. काकांनी त्याच्या मनगटावर आपला हात ठेवून वजन कसं द्यायचं ते दाखवलं. "वरतून दाबाचं, फिरवाचं नाही." त्या तालमीच्या दुपारी अडीचचा भोंगा झाला तेव्हा दोघांचेही हात रुमण्यावर होते. काकांनी डोळे मिटले. हात काढला नाही.

चाड्यावर कोण

पोळ्याच्या आठ दिवस आधीची तालीम. सैनिक फक्कीच्या रेघेपलीकडे तिफण हाकतो आहे, अलीकडे बायको त्याला जेवायला बोलावते आहे, तो ऐकत नाही. शेवट अजून पहिल्या खर्ड्यातलाच : ती रडते, तो भानावर येतो, वावर विरून जातं. आम्हाला सगळ्यांना ते खोटं वाटत होतं आणि दुसरं सुचत नव्हतं. वावर विरायला हवं, असं कोण म्हणतं? त्यानं माणूस वाचवला आहे. ते पुसून टाकलं तर त्याच्याजवळ काय राहील?

आजी झाडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिफन हाकते त हाकते, मांगं कोन हाय मूठ धराले?"

कुणाला कळलं नाही. मग त्यांनी झाडू ठेवून दाखवलं. वखर एकट्याचा. तिफण एकट्याची नसते. पुढे हाकणारा, मागे चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या बियाण्याच्या वाटीवर, मूठ धरून बियाणं सोडणारी बाई. ती नसेल तर फण नुसते माती उकरत जातात, वावर पेरलं जात नाही. नाटकातला हा माणूस पंचवीस वर्षं रिकामी तिफण हाकत होता.

वखराची तिफण केली तेव्हा मुलीला याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती, आणि माझं बालपण वावरातच गेलं आहे. बिलीच्या ग्रहावर त्याच्या घरचं कुणी पोचत नाही. त्याची मुलगी चिडते, ओरडते, तिच्याजवळ दुसरा उपाय नसतो. ओफेलियाला मर्सिडीस एवढंच म्हणते की लहानपणी मीही पऱ्या मानायची, आणि फॉनपासून जपून राहावं असं घरचे सांगायचे. मर्सिडीस आत जात नाही, पण हसतही नाही, आणि तेवढ्यानं ती मुलीची होते. आमच्या नाटकातल्या बायकोला मात्र आत जाता येण्यासारखं काम होतं, कारण त्या वावरात तिची जागा पहिल्यापासून मोकळी होती.

तान्हा पोळा

संध्याकाळी लेकरांचे बैल सजून पटांगणात फिरून झाले, बक्षिसं वाटून झाली, मग नाटक लागलं. भोंगा एका पोरानं माइकजवळ शिंग फुंकून काढला. सैनिक दचकला, तास मोडलं, तो गुडघ्यावर बसला. बायकोनं ताटावर ताट झाकलं, पदर खोचला आणि फक्कीची रेघ ओलांडून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. एक हात चाड्यावर, एक हात ओटीत. म्हणाली, "तास सरळ हाय. हाका."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. उठला, रुमण्यावर वजन दिलं. लाकडी बैलांची चाकं करकरली आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "हळू, माह्या बैलाले!" बायांच्या बाजूनं हसू उठलं आणि त्यातच दोन-तीन जणी डोळे पुसत होत्या. दिवे गेले.

गर्दी पांगल्यावर काका मुलीजवळ आले. मला वाटलं भोंग्याबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, "चाड्यात कोन्तं बियानं होतं व?"

तिनं ते ठरवलंच नव्हतं.

"ज्वारी लिही," ते म्हणाले. "अन् मधातून तुरीचं एक तास."